टोळीची याद आणि नाईकाचा लौकिक : कॅप्टन मॅकिंतॉशच्या रामोशी-वृत्तांताचें परीक्षण

चाकण म्हटलें म्हणजे आमच्या वाचकांस संग्रामदुर्ग आणि १६६० सालीं शाएस्तेखानाच्या वेढ्यांत तो लढविणारा फिरंगोजी नरसाळा आठवतो. चिंचवड म्हटलें म्हणजे मोरया गोसाव्यांचें देवस्थान व त्याच्या सनदा. आतां या मुलुखांत कारखाने उभे आहेत, व १५ ऑगस्ट २०१८ पासून तेथें पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचा अंमल आहे. कारखान्यांचें भंगार, मालाची वाहतूक, मजूर पुरविण्याचे ठेके यांच्याभोंवतीं खंडणी मागणाऱ्या टोळ्यांचीं वृत्तें वर्तमानपत्रांत येतात, आणि टोळीस नांव बहुधा म्होरक्याचें मिळतें. शंभर वर्षांनीं हे कागद एखाद्या संशोधकाच्या हातीं पडले, तर अमुक इसम टोळींतला होता कीं नुसता चहाच्या टपरीवर तिच्याशेजारीं बसणारा होता, हें तो कशावरून ठरवील ? हा प्रश्न मनांत धरून पुणें प्रांतांतील अशाच विषयावरचा एक जुना व बहुमान्य ग्रंथ आम्हीं पुन्हा चाळला. त्याविषयीं चार शब्द येथें लिहावयाचे आहेत.

कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंतॉश याचा रामोशी जातीची उत्पत्ति व सद्यःस्थिति सांगणारा इंग्रजी ग्रंथ १८३३ सालीं मुंबईस छापून निघाला. उमाजी नाईकाचें चरित्र त्यांतच आहे. उमाजी १८३१ च्या डिसेंबरांत भोरनजीक उत्रोळी येथें सांपडला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्यास फांशीं दिलें. म्हणजे फांशीची आठवण ताजी असतांच चरित्र तयार झालें, आणि तें लिहिलें पाठलागावर नेमलेल्या अधिकाऱ्यानें. हा दोष आहे तसा गुणहि आहे. पुरंदरच्या आसपासचे डोंगर मॅकिंतॉशनें स्वतः पालथे घातले होते. चव्हाण व जाधव हीं दोन मुख्य कुळें, खंडोबाची उपासना, गांवराखणीचे हक्क यांविषयींची त्याची माहिती आजहि टाकाऊ झालेली नाहीं. चोरीचा माग शेजारच्या शिवेपर्यंत काढून द्यावयाचा, नाहींतर नुकसान भरून द्यावयाचें, ही रामोशाची जबाबदारी वाचतांना ध्यानांत येतें कीं, राखण व धाक यांमधील भिंत प्रथमपासूनच पातळ होती. पुण्याच्या छावणींतील साहेबलोक बंगल्यावर रामोशी राखणदार ठेवीत, तें इतर रामोशांनीं हात लावूं नये म्हणूनच.

घोटाळा होतो तो 'नाईक' या शब्दापाशीं. पुणें प्रांतांत कोणाहि रामोशास मानानें हांक मारावयाची ती 'नाईक' अशीच. वेशीपाशीं काठी टेकून बसलेला म्हातारा राखणदारहि नाईक, आणि सत्तू नाईकाच्या हाताखालून वर चढून टोळीचा धनी झालेला उमाजीहि नाईक. पहिल्याचें नाईकपण जन्मानें व गांवाच्या सौजन्यानें आलेलें, दुसऱ्याचें कमावलेलें. शब्द इंग्रजींत गेला कीं हें अंतर पुसून जातें, आणि वाचकास दिसेल तो नाईक टोळीचा सरदार वाटूं लागतो. अमेरिकेंतील इटालियन वंशाच्या गुन्हेगारी घराण्यांनीं हाच भेद बोलण्यांत कसा नेमका राखला, हें पाहण्यासारखें आहे. शपथ घेतलेल्या सभासदाची ओळख दुसऱ्या सभासदास करून देतांना 'हा आपला स्नेही' म्हणावयाचें; बाहेरच्याची द्यावयाची असल्यास 'हा माझा स्नेही'. एका सर्वनामावर माणसाची पत आणि प्रसंगीं प्राणहि अवलंबून. सरकारचा हेर जोसेफ पिस्टोन १९७६ ते १९८१ या काळांत नांव बदलून तेथें वावरला, त्यास हा भेद आधीं शिकावा लागला. आमच्या कागदांत असें शब्दाचें माप हातीं येत नाहीं.

मग टोळीची याद बनते कशी ? टोळी स्वतः हजेरीपट लिहीत नाहीं. तो लिहितो तिचा शत्रु, आणि मजकूर पुरवितो तो टोळींतून सुटूं पाहणारा. न्यूयॉर्कच्या जेनोव्हीज घराण्यांतील जोसेफ वालाची यानें १९६३ सालीं अमेरिकन सेनेटच्या समितीपुढें दिलेली जबानी याचा उत्तम नमुना आहे. १९३० सालच्या आपल्या दीक्षेचें वर्णन त्यानें केलें : मेजावर पिस्तूल व सुरी, बोटांतून काढलेलें रक्त, ओंजळींत जळणारा कागद. बेल-भंडार उचलणाऱ्या आपल्या लोकांस यांत फारसें नवल वाटणार नाहीं. परंतु याच जबानीच्या वेळीं पोलिसांनीं तयार केलेले नांवांचे तक्ते समोर टांगलेले होते, आणि त्यांवरील माणसें तो ओळखीत गेला. तक्त्यानें साक्षीदारास आठवण दिली कीं साक्षीदारानें तक्त्यास आधार दिला, हें सांगणें कठीण. शिवाय वालाची हा हलका शिपाई. वरची मसलत त्याच्या कानीं पडे ती गळून. त्याच्या हातचें हजाराहून अधिक पानांचें हस्तलिखित बोस्टन येथील केनेडी ग्रंथालयांत राखलेलें आहे. १९६८ सालीं पीटर मास यानें प्रसिद्ध केलेलें पुस्तक पुष्कळ सुबक आहे, पण हस्तलिखितें जमविणाऱ्यास कोणतें अधिक मोलाचें वाटेल हें सांगावयास नको.

मॅकिंतॉशच्या ग्रंथांत डोळ्यांनीं पाहिलेलें, कैद्यांनीं सांगितलेलें व गांवकऱ्यांच्या तोंडून आलेलें, असे तीन थर आहेत, व ते बहुतेक ठिकाणीं वेगळे केलेले नाहींत. हा बारीक दोष नव्हे. १९८६ सालीं न्यूयॉर्कच्या घराण्यांच्या म्होरक्यांवर खटला चालला, तेव्हां बचावाच्या वकिलांनीं संघटना आहे व तिला सभासद आहेत हें मान्य करून, सभासदत्व म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे, असा वाद घातला. आरोपी दोषी ठरले तरी मुद्दा खोटा नव्हता. महाराष्ट्रांत १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यानें टोळीचें सभासदत्व हाच गुन्हा ठरविला असून त्यास किमान पांच वर्षें कैद व पांच लाख रुपये दंड आहे. आणि पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब पुराव्यांत घेतां येतो. तेव्हां यादींतील नांवाची छाननी ही केवळ आम्हां जुन्या कागदवाल्यांची हौस राहिलेली नाहीं.

पण ग्रंथाचा सर्वांत मोठा अपराध त्याच्या मथळ्यावरच आहे. विषय उमाजीच्या टोळीचा, आणि नांव जातीचें. उमाजीच्या बाजूनें किती रामोशी होते याची चर्चा करणारा लेखक, त्याच वेळीं किती रामोशी आपापल्या गांवाची राखण इमानानें करीत होते, हें मोजण्याच्या भरीस पडत नाहीं. शपथेनें येणारें सभासदत्व त्यानें जन्माचें करून टाकलें. हीच समजूत पुढें कायद्यांत शिरली. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालचा. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यापर्यंत पोंचला, आणि १९५२ सालीं रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत रामोशी हें नांव आज आहे, तें या इतिहासाचें चिन्ह म्हणून.

लौकिकाची गोष्ट निराळी. तो उमाजीनें जितका मिळविला तितकाच कंपनी सरकारनें त्यास दिला. प्रथम त्याच्या डोक्यावर इनाम लावलें, मग माफी देऊन चाकरींत घेतलें, मग पुन्हा इनाम लावलें. असा भाव चढलेल्या माणसास खेड्यापाड्यांत राजा म्हटलें गेलें तर नवल कसलें ? मात्र मराठी लेखांतून 'दुसरा शिवाजी' अशा आशयाचें जें वाक्य मॅकिंतॉशच्या नांवावर खपतें, तें पृष्ठांक न देतां. लेखकांनीं मूळ पान उघडावें, एवढीच विनंति. उमाजीचा म्हणून सांगितला जाणारा १८३१ चा जाहीरनामाहि मूळ मोडी कागद, शिक्का व हस्ताक्षर पाहून पारखावयाचा आहे. प्रतीवरून प्रत काढून त्याचा जुनेपणा वाढत नाहीं.

पुरंदर, भोर, खेड व चाकण या बाजूंच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या घरांत बलुत्याच्या यादी अद्याप सांपडतात. त्यांत रामोशाचें नांव, त्याचें कुळ, त्यास दिलेलें धान्य आणि 'नाईक' हा शब्द कोणत्या सालापासून कोणाच्या नांवापुढें लागतो, एवढें टिपून घ्यावें. १८२६ ते १८३२ या सालांचे कागद कसरीनें खाल्लेले असले तरी टाकूं नयेत.