खेळाचा बाजार आणि खेळाडूचे माहेर

कुस्तीच्या फडात जोड लावणारे जाणते लोक एक पथ्य पाळीत आले आहेत. मल्लांचे नाव, गाव अगर तालीम पाहण्यापूर्वी ते दोघांचे बळ पाहतात. ज्या कुस्तीचा निकाल आखाड्यात उतरण्यापूर्वीच ठाऊक आहे, ती पाहावयास प्रेक्षक थांबत नाही. आणि दुबळ्यास चीत करणाऱ्या मल्लासही तिच्यापासून यश लाभत नाही. धंदेवाईक सांघिक खेळांत मात्र जोड लावणारा असा वस्ताद बहुधा नसतो. तेथे ज्याची थैली जड, तो चांगले खेळाडू विकत घेतो आणि त्याचा संघ बलाढ्य होतो. ह्या विषमतेस आवर कसा घालावा, हा प्रश्न अमेरिकेत बेसबॉलच्या निमित्ताने शंभराहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. त्यावरील सर्वांत लोकप्रिय ग्रंथ म्हणजे मायकेल लुईस ह्यांचा 'मनीबॉल' होय. तो २००३ साली प्रसिद्ध झाला व २०११ साली त्यावर चित्रपटही निघाला.

इतक्या वर्षांनी ह्या ग्रंथाचा परामर्श आम्ही का घेत आहोत, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, जो प्रश्न परक्या देशातील परक्या खेळाचा म्हणून आपण आजवर कौतुकाने वाचीत होतो, तो आता आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. तो खो-खोच्या रूपाने आला आहे. पण प्रथम ग्रंथाकडे वळू.

ग्रंथातील कथा कॅलिफोर्नियातील ओकलंड अ‍ॅथलेटिक्स ह्या संघाची आहे. २००२ साली न्यूयॉर्क यांकीज हा धनाढ्य संघ खेळाडूंच्या वेतनावर सुमारे साडेबारा कोटी डॉलर खर्च करीत होता. ओकलंडचा खर्च सुमारे चार कोटींचा. आदल्या वर्षाचे जेसन जिआंबी, जॉनी डेमन व जेसन इसरिंगहाउझेन हे तिघे नामांकित खेळाडू अधिक वेतनाच्या ओढीने ओकलंड सोडून गेले होते. तरीही त्या वर्षी ओकलंडने साखळीतील १०३ सामने जिंकले, यांकीजनी जिंकले तेवढेच. आणि त्यांत लागोपाठ २० सामने जिंकण्याचा पराक्रमही होता.

हे घडले कसे? संघाचा व्यवस्थापक बिली बीन ह्याने एक साधी गोष्ट ओळखली, असे लुईस सांगतात. बाजारात खेळाडूचे मोल त्याच्या रुबाबावरून, धावण्याच्या वेगावरून व लांबवर मारलेल्या फटक्यांवरून ठरत असे. पण बेसबॉलमध्ये चेंडू न मारताही पहिल्या तळावर जाता येते. गोलंदाजाने चार चेंडू भलतीकडे टाकले म्हणजे फलंदाजास तो हक्क मिळतो. क्रिकेटमधील वाइड चेंडू सोडून देणाऱ्या संयमी फलंदाजाची आठवण येथे व्हावी. असा संयमी खेळाडू सामने जिंकून देतो, पण बाजारात तो स्वस्त असतो. ही दृष्टी मूळची बिल जेम्स ह्या लेखकाची. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपहारा करीत असता त्याने आकडेमोडीच्या वह्या भरल्या. कोपराच्या दुखण्याने यष्टिरक्षकासारखी जागा गमावलेला स्कॉट हॅटेबर्ग हा खेळाडू ओकलंडने ह्याच दृष्टीने घेतला व त्यास अगदी नवीन जागी उभे केले. त्याच्यावरील प्रकरण ग्रंथात सर्वांत सरस उतरले आहे. टाकून दिलेल्या माणसाचे मोल कोणीतरी ओळखतो, ही कथा कोणत्याही देशातील वाचकाच्या अंतःकरणास भिडेल.

लुईस ह्यांची शैली प्रसन्न आहे, विनोद मार्मिक आहे, आणि आकड्यांसारखा रुक्ष विषय त्यांनी कादंबरीप्रमाणे रंगविला आहे. हे सर्व मोकळेपणाने मान्य करूनही ग्रंथात एक मोठी उणीव राहिली आहे असे आम्हांस वाटते, आणि ती केवळ तपशिलाची नाही.

ओकलंडच्या यशाचा मोठा भार टिम हडसन, मार्क मल्डर व बॅरी झिटो ह्या तीन तरुण गोलंदाजांनी आणि मिगेल तेहादा व एरिक चावेझ ह्या दोन फलंदाजांनी वाहिला होता. झिटो त्या वर्षीचा आपल्या लीगमधील सर्वोत्तम गोलंदाज ठरला व तेहादा सर्वोत्तम खेळाडू. ह्या पाचांचे गुण काही झाकलेले नव्हते. ते साऱ्या जगास दिसत होते. मग ते निर्धन संघास परवडले कसे? ह्याचे उत्तर नियमात आहे. बेसबॉलच्या वरिष्ठ लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूस आपल्या मर्जीने दुसऱ्या संघाकडे जाता येत नाही. पहिली तीन-एक वर्षे तर मालक देईल ते वेतन त्यास बहुधा निमूटपणे घ्यावे लागते. म्हणजे ओकलंडची स्वस्ताई ही काही अंशी बीन ह्याच्या बुद्धीची होती व पुष्कळ अंशी तरुण खेळाडूंच्या बांधिलकीची. लुईस ह्यांस हा नियम ठाऊक आहे व तो ते सांगतातही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष काढावयास ते थांबत नाहीत. निर्धन मालकाने धनिक मालकास दिलेली टक्कर त्यांना दिसते. त्या टकरीचा खर्च कोणाच्या पदरातून गेला, हे ते विचारीत नाहीत.

हा प्रश्न बेसबॉलच्या इतिहासात पहिल्यापासून दडलेला आहे. खेळाडूस एका संघाशी जखडून ठेवण्याची प्रथा मालकांनी १८७९ साली सुरू केली. ती नसेल तर श्रीमंत संघ सगळे खेळाडू पळवतील व सामने एकतर्फी होतील, असे तिचे समर्थन केले जाई. १९५६ साली सायमन रॉटेनबर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञाने ह्या समर्थनातील हवाच काढून घेतली. बांधलेला खेळाडूही मालक दुसऱ्यास विकू शकतोच. तेव्हा गुणी खेळाडू शेवटी जेथे त्याचे अधिक पैसे होतात तेथेच जाणार. फरक एवढाच की, विक्रीचे पैसे खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात पडतात. पुढे कर्ट फ्लड ह्या खेळाडूने ह्या प्रथेविरुद्ध न्यायालयात दाद मागितली व १९७२ साली तो हरला. १९७५ साली लवादाच्या निर्णयाने ती बेडी अखेर सैल झाली. त्यानंतर आले ते उपाय म्हणजे संघांच्या उत्पन्नाची परस्परांत वाटणी आणि मर्यादेबाहेर वेतन देणाऱ्या संघावर कर. ह्या उपायांनी विषमता काहीशी आवरली, पण नाहीशी झाली नाही. २०२३ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने शोहेई ओतानी ह्याच्याशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरांचा करार केला. २०२४ व २०२५ ही दोन्ही वर्षे त्याच संघाने अजिंक्यपद मिळविले.

आणि बीन ह्याच्या युक्तीचे पुढे काय झाले? बॉस्टनच्या धनवान संघाने बिल जेम्सलाच सल्लागार नेमले आणि २००४ साली अजिंक्यपद पटकावले. जी विद्या निर्धनाची म्हणून गाजली, ती धनिकाने विकत घेतली. ओकलंडचा संघ तर २०२४ च्या हंगामाअखेर ते शहरच सोडून गेला. बुद्धीने मिळविलेली आघाडी टिकाऊ नसते. टिकते ती नियमाने दिलेली वाटणी. ग्रंथाच्या पुढील वीस वर्षांनी ग्रंथावर केलेली ही टीका आहे असे आम्ही समजतो.

आता आमच्या दाराशी. २०२२ साली पुण्यात बालेवाडी येथे 'अल्टिमेट खो-खो' ही धंदेवाईक लीग प्रथमच खेळली गेली. मुंबई, चेन्नई, गुजरात, राजस्थान, ओडिशा व तेलुगू अशी नावे धारण केलेले सहा संघ तीत उतरले. त्यांचे धनी कोण, तर अदानी व जीएमआर ह्यांसारखे मोठे उद्योगसमूह आणि एका संघाच्या मागे खुद्द ओडिशाचे सरकार. अशा धन्यांना मोकळे सोडले असते तर बोली लावून एकाने सारे अव्वल खेळाडू उचलले असते. ते झाले नाही. कारण खेळाडूंच्या श्रेणी पाडून, अव्वल श्रेणीस पाच लाख व शेवटच्या श्रेणीस एक लाख रुपये असे मानधन ठरवून, संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडावेत अशी व्यवस्था केली गेली. परिणाम उत्तम झाला. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू संघास ४६-४५ असे अवघ्या एका गुणाने हरविले. कटक येथे झालेल्या दुसऱ्या हंगामात, २०२४ च्या जानेवारीत, गुजरातने चेन्नईस नमवून अजिंक्यपद घेतले. अमेरिकेस ज्या समतोलासाठी शतकभर खटपट करावी लागली, तो ह्या लीगने पहिल्याच वर्षी साधला असे म्हणावयास हरकत नाही. गरीब घरच्या मुलास पाच लाख रुपये ही रक्कमही थोडी नव्हे. तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु हा समतोल कोणाकोणातला? तो विकत घेणाऱ्या सहा धन्यांतला आहे. खेळाडू ज्या भूमीत वाढला ती ह्या हिशेबात कोठेच नाही.

धाराशिव, म्हणजे २०२३ पूर्वीचे उस्मानाबाद, हा अवर्षणाचा जिल्हा. केंद्र सरकारने २०१८ साली देशातील मागास जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत ह्याचे नाव आहे. येथे मोठे कारखाने नाहीत, धनवान क्रीडामंडळे नाहीत. खो-खोस मात्र दोन खांब, चुन्याच्या रेघा व मऊ माती एवढेच लागते; आणि एक गोष्ट लागते, ती म्हणजे रोज संध्याकाळी न चुकता मैदानावर येणारा शिक्षक. ह्या सामग्रीवर जिल्ह्याने, विशेषतः मुलींच्या खेळात, महाराष्ट्रात नाव मिळविले. २०१६ साली गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे ह्याच जिल्ह्याची. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोस तो बावीस वर्षांनी लाभला होता. घरात दिवसास एकवेळच्या जेवणाचीच सोय असे, अशी वर्षेच्या वर्षे आपण काढली, हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत नेपाळचा ७८-४० असा पराभव करणाऱ्या विजयी संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

आणि लीगचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे झाले! ज्या जिल्ह्याने खो-खोस मुली दिल्या, त्या जिल्ह्याच्या मुलींस त्या बाजारात पाऊल टाकण्यासही जागा नव्हती. बिली बीन ह्यास जे टाकून दिलेले मोल दिसले, ते आमच्या लीगवाल्यांस आपल्या डोळ्यांसमोर दिसू नये, हे नवल होय. क्रिकेटवाल्यांनी २०२३ साली महिलांची लीग सुरू केली. खो-खोने तर ती पुरुषांच्या बरोबरीनेच सुरू करावयास हवी होती.

येथे कोणी म्हणेल की, खेळाडू मोठा झाला म्हणजे जिल्ह्याचे नाव झाले. आणखी काय हवे? आम्ही विचारतो, नावावर मैदानाची माती बदलता येते काय? मुलगी वाढवावी माहेराने आणि तिच्या कर्तृत्वाची कमाई मात्र सासरी जमा व्हावी, हा व्यवहार आपल्या समाजात पुष्कळ चालला; खेळातही तो चालावा असे नाही. चालत नाही ह्याचा पुरावा फुटबॉलमध्ये आहे. तेथे एका संघाने दुसऱ्यास खेळाडू देताना जी रक्कम ठरते, तिचा शेकडा पाच भाग त्या खेळाडूस बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी शिकविले त्या मंडळांत वाटावा, असा जागतिक संघटनेचा २००१ पासूनचा नियम आहे. खो-खोच्या लीगमध्ये अशी विक्री नसली तरी उत्पन्न आहे. प्रत्येक खेळाडूच्या मानधनाइतक्या रकमेचा शेकडा पाच भाग धन्याने वेगळा काढून खेळाडूच्या मूळ मंडळास द्यावा, एवढी आमची सूचना आहे. पाच लाखांच्या खेळाडूमागे हे पंचवीस हजार रुपये होतात. लीगच्या हिशेबात ही रक्कम क्षुल्लक. पण ज्या मैदानावर एका बुटांच्या जोडीवर दोन मुली आळीपाळीने सराव करताना आम्ही पाहिल्या आहेत, तेथे ती वर्षभर पुरेल.

'मनीबॉल' वाचकांनी अवश्य वाचावे. मोल व किंमत ह्यांतील अंतर त्यात जितक्या स्पष्टपणे दाखविले आहे तितके अन्यत्र क्वचितच आढळेल. फक्त वाचताना एक प्रश्न मनाशी बाळगावा. खो-खोच्या गुणपत्रकात गडी बाद करणाऱ्याच्या नावापुढे गुण मांडला जातो. ज्याने नेमक्या क्षणी 'खो' दिला त्याचे नाव तेथे येत नाही. त्याचप्रमाणे जिंकणारा संघ व हरणारा संघ ह्यांच्या खर्चाचे आकडे ग्रंथात आहेत. पण ज्यांनी त्या खेळाडूंस 'खो' देऊन उठविले, त्यांचा रकाना कोठे आहे? तो जोवर भरला जात नाही, तोवर सामना कितीही चुरशीचा होवो, तो बरोबरीचा झाला असे आम्ही म्हणणार नाही.