‘औषध’ आणि ‘वनस्पती’ : एका शब्दजोडीची चिकित्सा

यकृतातील परजीवी रोगांविषयीच्या मराठी लेखनात ‘औषधे आणि वनस्पतिज द्रव्ये यांचा संयुक्त उपचार’ अशी शब्दयोजना आढळते. वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु तीतील ‘आणि’ हे अव्यय भाषाभ्यासकाने तपासावे असे आहे.

‘आणि’ने जोडलेली पदे परस्परभिन्न असावीत, अशी अपेक्षा असते. ‘औषध’ हा शब्द तर ‘ओषधि’ म्हणजे वनस्पती यापासूनच सिद्ध झालेला. अर्थात केवळ व्युत्पत्तीने आजचा अर्थ ठरत नाही, हे राजवाड्यांच्या धुळ्यातही मान्य व्हावे. म्हणून वस्तुस्थिती पाहू.

आमांशाचा अमीबा आतड्यातून यकृतात जाऊन गळू उत्पन्न करतो. त्यावर १९१२ साली कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी एमेटीन टोचण्याचा उपचार रूढ केला. हे द्रव्य इपिकाक वनस्पतीच्या मुळातले. पुढे त्याला क्लोरोक्वीन या संश्लेषित द्रव्याची जोड मिळाली. म्हणजे संयुक्त उपचार नवा नाही. परंतु एमेटीन हृदयाला अपायकारक ठरले आणि १९६६ नंतर मेट्रोनिडाझोलने त्याची जागा घेतली. ‘वनस्पतिज म्हणून निरुपद्रवी’ हे समीकरण येथेच ढासळते.

आजच्या उपचारातही जोड आहे. मेट्रोनिडाझोल यकृतातील अमीबा मारते. आतड्यात उरलेल्यांसाठी डायलोक्सनाइड किंवा पॅरोमोमायसिन देतात. ही जोड उगमावरून नव्हे, कार्यस्थानावरून ठरली आहे.

जळगाव-धुळ्याच्या उत्तरेस सातपुड्यात पांढरा कुडा वाढतो. त्याची साल परंपरेने अतिसारावर देतात. तीतील कोनेसीन अमीबाला मारक आहे, तसेच मज्जासंस्थेला बाधकही. आतड्यात उपयोगी पडणारे द्रव्य यकृतातही तसेच उपयोगी पडेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही.

शब्दाचा दोष येथे रुग्णाला भोवतो. ‘औषध काय घेतले?’ असे विचारले असता तो गोळीचे नाव सांगतो. काढा सांगत नाही, कारण तो ‘झाडपाला’ असतो, ‘औषध’ नसते. पोटात मात्र दोन औषधे गेलेली असतात. विद्वानांच्या ‘आणि’ने हीच समजूत दृढ होते. म्हणून ‘संश्लेषित व वनस्पतिज औषधे’ असे लिहावे. नाम एकच राहिले, म्हणजे मात्रा, कार्यस्थान आणि अपाय यांचे प्रश्न दोहोंना सारख्याच कठोरपणे विचारावे लागतील.