वाढवलेल्या बांगड्या

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपल्याकडे शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचा शब्द. सार्वजनिक शिल्पांचे मोजमापही त्याच शब्दाने होऊ लागले की घोटाळा होतो. टाकलेली वस्तू कामी आली, एवढ्यावर कौतुक संपते; ती कोणाची होती आणि शिल्पात तिचे काय झाले, हे विचारायचे राहून जाते. कलाशाळेचे तोंड न पाहिलेल्या मला हा प्रश्न चंडीगढच्या रॉक गार्डनमध्ये पडला.

नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४चा. त्यांचे गाव फाळणीत पाकिस्तानात गेले. पुढे ते चंडीगढला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. ल कॉर्बुझिएचे नवे शहर उभे राहताना तिथली जुनी गावे पाडली जात होती. त्या पाडापाडीतला माल नेकचंद सायकलवरून वाहत आणि बांधकामाला मनाई असलेल्या जंगलात, नोकरीची वेळ संपल्यावर, गुपचूप मूर्ती घडवत. सुरुवात १९५७च्या सुमारास झाली. बाग लोकांना खुली झाली १९७६ साली.

तिथे फुटक्या कपबश्या, स्नानगृहातली चिनी माती, सायकलींचे सांगाडे हे सगळे ओळखू येते. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायका रांगेने उभ्या आहेत. मराठीत बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. नेकचंदांच्या मनात हे नसणार. पण त्या रांगेपुढे मला त्या शब्दाचा अर्थ नव्याने लागला. फुटणे लपवलेले नाही, तरी वस्तूचे आयुष्य वाढलेले आहे.

आता दिल्लीचे ‘वेस्ट टू वंडर’ उद्यान पाहा. २०१९ साली खुल्या झालेल्या या उद्यानात सुमारे १५० टन भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. कारागिरी चोख आहे. पण आराखडा आधीच ठरलेला असल्याने भंगाराला स्वतःचे काही सांगायला वाव उरत नाही. पाहणारा ‘हुबेहूब!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. इथे भंगार टनांत मोजले जाते, आठवणीत नाही.

मात्र रॉक गार्डनची ‘एकट्या माणसाची निर्मिती’ ही दंतकथाही मला पुरती मान्य नाही. १९७६नंतर प्रशासनाने नेकचंदांना पगार आणि पन्नासेक मजूर दिले. बागेचा पुढचा मोठा विस्तार त्या हातांनी झाला. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. समाजाचे शिल्प म्हणायचे आणि घडवणाऱ्या समाजाला अनाम ठेवायचे, हा दोष आपल्या कलालेखनाचा आहे. स्वतः शिकलेल्या एका कलावंताचे कौतुक करताना मीही तो केला आहे.

तरीही बाग लोकांची आहे, याचा पुरावा संकटात मिळाला. पूर्वी तिच्यावर बुलडोझर चालून आले तेव्हा नागरिक आडवे उभे राहिले. नेकचंद २०१५ साली गेले. मार्च २०२५मध्ये रस्ता आणि वाहनतळासाठी बागेच्या भिंतीचा भाग पाडला गेला, तेव्हा त्यांच्या माघारीही लोक जमले. भिंत वाचली नाही.

गावे पाडून उरलेल्या मालातून उभी राहिलेली ही बाग; तिच्याच भिंतीचा आता राडारोडा झाला. तो कोणी सायकलवर घालून नेला का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.