कऱ्हा, भिगवण आणि ब्राउझरची परीक्षा

संगणकाच्या पडद्यावर काही विचित्र दिसू लागले की आपल्याकडे दोन निदाने ठरलेली असतात. ‘मॉनिटर गेला’ हे पहिले आणि ‘फॉरमॅट मारावे लागेल’ हे दुसरे. दोन्ही उपाय खर्चाचे किंवा त्रासाचे आहेत, आणि बहुतेक वेळा ते कोणत्याही तपासाशिवाय सुचवलेले असतात. शाळेत पाचच संगणक असतील, तर त्यांतला एक कोपऱ्यात पडून राहणे ही लहान गोष्ट नाही.

ब्राउझरांच्या तुलनेचीही अशीच गत आहे. नियतकालिकांतील संगणकाच्या सदरांत अशा तुलना नेहमी येतात. कोणता ब्राउझर पान लवकर उघडतो, कोणता कमी मेमरी खातो, कोणात किती टॅब उघडता येतात, हे सारे त्यांत मोजलेले असते. तो मराठी मजकूर कसा दाखवतो, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आमच्या मते मराठी शाळेसाठी हा पहिला प्रश्न असायला हवा. चुकीची जोडाक्षरे रोज पडद्यावर पाहणारे मूल त्यांनाच बरोबर समजू लागते, कारण छापलेले आणि पडद्यावरचे खरे असते, हे आपणच त्याला शिकवलेले असते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शिक्षकांच्या हाताशी यासाठी एक तयार प्रश्नपत्रिका आहे. बारामती, इंदापूर, भिगवण आणि कऱ्हा ही चार नावे टाइप करून ती संगणकावर पाहावीत. अट एवढीच, की आधी दोष पडद्याचा आहे की अक्षरांचा, हे वेगळे करून घ्यावे.

आधी पडदा

त्याची एक सोपी कसोटी आहे. कळफलकावरची ‘प्रिंट स्क्रीन’ कळ दाबून पडद्याचे चित्र घ्यावे आणि ते दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर पाहावे. दोष त्या चित्रातही दिसला, तर मॉनिटर निर्दोष आहे. चित्र स्वच्छ असेल, तर दोष मॉनिटरमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा जोडणीत आहे.

पंधरा पिनांची जुनी व्हीजीए केबल अजून अनेक ठिकाणी वापरात आहे. तिच्या पहिल्या तीन पिनांमधून लाल, हिरवा आणि निळा या रंगांचे संकेत स्वतंत्रपणे जातात. त्यांतला निळा तुटला, की पांढरे पान पिवळे दिसते. हिरवा तुटला तर ते जांभळट गुलाबी होते आणि लाल तुटला तर निळसर हिरवे. मॉनिटर बदलण्याआधी केबल काढून, वाकलेली पिन आहे का ते पाहून, पुन्हा घट्ट बसवावी. प्रकाशाच्या रंगांची बेरीज शिकवायला याहून स्वस्त साधन मिळणार नाही. मात्र काचेच्या नळीचा जुना मॉनिटर कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक विद्युतदाब साठून राहतो.

दुसरा नेहमीचा दोष धूसरपणाचा. सपाट पडद्यावरच्या बिंदूंची संख्या कारखान्यातच ठरलेली असते, उदाहरणार्थ १३६६ × ७६८. संगणकाला १०२४ × ७६८ अशी मांडणी सांगितली, तर चित्र ताणले जाते, अक्षरे जाड आणि पुसट होतात. इंग्रजी यातून निभावते, देवनागरीला मात्र ते जड जाते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही खुणा असतात, शिवाय ब आणि व, ष आणि प यांतला फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा असतो. ती रेघ पुसली गेली की ‘बारामती’ची ‘वारामती’ होते. इंग्रजीला पुरणारा अक्षरांचा आकार मराठीला पुरत नाही, हे संगणक मांडून देणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. सेटिंगमधली शिफारस केलेली मांडणी निवडून, कंट्रोल आणि अधिक चिन्हाची कळ दाबून अक्षरे मोठी केली, की बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

मग अक्षरे

आता चार नावांकडे येऊ. ‘बारामती’ या नावात जोडाक्षर नाही, ऱ्हस्व इकार नाही. जी चिन्हे टाइप केली तीच एकामागोमाग एक दाखवायची, एवढेच काम असते. त्यामुळे अगदी अडाणी आज्ञावलीही हे नाव बरोबर दाखवते. ‘इंदापूर’मध्ये वर अनुस्वार आणि खाली ऊकार आहे. ही परीक्षा किंचित अवघड.

‘भिगवण’ खरा निकाल देते. युनिकोडच्या पद्धतीत आधी भ साठवला जातो आणि मग ऱ्हस्व इकार, कारण आपण उच्चार त्याच क्रमाने करतो. पडद्यावर मात्र इकार भच्या आधी काढावा लागतो. क्रमाची ही अदलाबदल करणारा आज्ञावलीचा भाग नसेल, तर वेलांटी भच्या पलीकडे जाऊन बसते. भिगवणचे अग्निपंख पाहून आलेल्या मुलांनी ‘अग्निपंख’ लिहिले, तर परीक्षा आणखी कडक होते, कारण वेलांटी ‘ग्न’ या अख्ख्या जोडाक्षराच्या आधी यावी लागते.

सर्वांत कठीण प्रश्न कऱ्हा नदीचा. तिच्या नावातला र रफाराच्या रूपात डोक्यावर न चढता आडवा राहतो. हा आडवा र मराठीला अत्यावश्यक आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत शिक्षक आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे, तीच शिफ्टसह दाबली की खाली टिंब असलेला ऱ मिळतो, आणि त्याचा पाय मोडून ह जोडला की ‘ऱ्ह’ होतो. साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशीही एक पद्धत आहे. दोन्हींचे रूप सारखेच दिसते, पण साठवलेली चिन्हे वेगळी असतात. म्हणून शाळेच्या यादीत एकाच गावाचे नाव दोन शिक्षकांनी दोन पद्धतींनी भरले, तर साध्या जुळवणीत ती दोन गावे ठरतात. शाळेने एक पद्धत ठरवून घ्यावी हे बरे.

अक्षरे बिघडली तर ती कशी बिघडली यावरून कारण कळते. चौकोन दिसले, तर त्या अक्षराचे रूप फाँटमध्ये नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, म्हणून त्याआधीचे फाँट तिथे चौकोन काढतात. मजकुराऐवजी माथ्यावर तिरका फराटा असलेले रोमन लिपीतले पहिले अक्षर दर तीन चिन्हांनी पुन्हा पुन्हा दिसले, तर फाँट ठीक आहे, संकेतपद्धती चुकीची धरली गेली आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘बारामती’ची सात चिन्हे म्हणजे एकवीस बाइट, आणि प्रत्येक तिकडीचा पहिला बाइट एकच असतो. तो फराटा नसलेली, नुसतीच रोमन अक्षरे आणि कंस यांची खिचडी असेल, तर मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या फाँटमध्ये लिहिलेला आहे.

ब्राउझर

१९९४ मध्ये नेटस्केप आला आणि १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर. दोघांच्या स्पर्धेत भारतीय भाषांची ओढाताण झाली. १९९७ च्या सुमारास पानाबरोबर फाँट पाठवण्याची सोय दोघांनीही दिली, पण दोन वेगळ्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींनी. ‘हे पान अमुकच ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल’ ही पाटी त्या काळाची खूण. वाचकाने आपला चष्मा बदलावा, अशी ही मागणी होती. ती गैर होती आणि आजही गैर आहे. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार जून २०२२ मध्ये संपला, आणि त्याच्यावरच विसंबलेली पाने उघडी पडली.

आजची तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. क्रोम, २०२० पासूनचा एज आणि ऑपेरा यांचे अंतरंग एकच आहे. पान क्रोममध्ये बिघडले म्हणून ते एजमध्ये उघडून पाहणे, म्हणजे त्याच साक्षीदाराला दुसरा सदरा घालून पुन्हा उभे करणे. वेगळी साक्ष फायरफॉक्सची असते. पण इथेही सावध राहायला हवे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांतही हार्फबझ ही एकच मुक्त आज्ञावली करते. म्हणून ‘भिगवण’ आणि ‘कऱ्हा’ ही नावे अद्ययावत क्रोम आणि अद्ययावत फायरफॉक्समध्ये सारखीच दिसली पाहिजेत. तशी न दिसल्यास निवडलेला फाँट किंवा सेटिंग तपासावे.

मग फरक कुठे उरतो? फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी स्वतंत्र फाँट आणि किमान आकार ठरवता येतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये फाँट एकदाच, सर्व लिप्यांसाठी मिळून निवडावा लागतो. संकेतपद्धती चुकली तर ती दुरुस्त करण्याची आज्ञा फायरफॉक्सच्या मेनूत आजही आहे, क्रोमने ती मेनूतून काढून टाकली. उलट बाजूला, काही संकेतस्थळे फक्त क्रोमवरच तपासलेली असतात, आणि तिथे फायरफॉक्सची अडचण होते. आमचा कौल असा, की शाळेच्या प्रत्येक संगणकावर हे दोन्ही असावेत आणि मराठी वाचनासाठी फायरफॉक्स पुढे ठेवावा. विंडोज ७ चे जुने संगणक अजून चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की क्रोमची १०९ वी आवृत्ती त्यांच्यासाठी शेवटची होती. जुन्या आवृत्तीत सुरक्षेचे दोष तसेच राहतात.

दोषाचा काही वाटा पाने तयार करणाऱ्यांचाही आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि ल, श यांची मराठी वळणे निश्चित केली. काही फाँटांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, आणि पानावर ‘भाषा मराठी’ अशी अंतर्गत खूण असेल तर ब्राउझर मराठी वळण निवडतो. खूण एका शब्दाची असते. ती न घालणाऱ्या मराठी संकेतस्थळाला फाँटला दोष देता येणार नाही.

या तांत्रिक बाबी किती व्यवहाराच्या आहेत, याचे उदाहरण बारामतीतच आहे. आयआयटी मुंबईने २००३ मध्ये ‘आक्वा’ ही प्रश्नोत्तर सेवा सुरू केली. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न विचारायचा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. गावातल्या संगणकावर लिहिलेले तज्ज्ञाच्या पडद्यावर तसेच उमटणे, ही त्या सेवेची पहिली गरज होती. औषधाच्या मात्रेतला एक शब्द बिघडला, तर नुकसान पिकाचे होते.

आमची खरी काळजी मात्र जुन्या फाइलींची आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिक्षकांनी मेहनतीने केलेल्या प्रश्नपत्रिका, परिसराच्या नोंदी, शाळेची हस्तलिखिते तेव्हाच्या फाँटांत अडकून पडली आहेत. ज्या संगणकावर तो फाँट आहे, तो बंद पडला की मजकूर मुका होतो. तो संगणक चालू आहे तोवर फाँटची फाइल जपून ठेवावी, प्रत्येक मजकुराची छापील किंवा पीडीएफ प्रत काढावी आणि रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून तो युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरानंतर आधी आडवा र, रफार आणि ऱ्हस्व इकार तपासावेत, कारण गफलत तिथेच होते. हे काम आठवी-नववीची मुले जोडीजोडीने चांगले करतात. एकाने छापील प्रत वाचावी आणि दुसऱ्याने पडदा पाहावा.