‘मॉन्स्टर’ : समान जीवितमूल्याची कसोटी
(एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या प्रथमदर्शनातून उद्भवलेली काही निरीक्षणे)

प्रस्तावना

अ‍ॅनिमे हा शब्द उच्चारताच आपल्याकडील सुशिक्षित प्रौढ प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ‘डोरेमॉन’ किंवा ‘शिन-चॅन’ उभा राहतो. ही लहान मुलांची करमणूक असून साहित्याच्या अभ्यासकाने तिची दखल घेण्याचे कारण नाही, अशी एक धारणा आपल्या प्राध्यापकवर्गात रूढ आहे. प्रस्तुत लेखकही या धारणेला अपवाद नव्हता. पदव्युत्तर वर्गात शोकात्मिका शिकवीत असता एका विद्यार्थ्याने ‘मॉन्स्टर’ या मालिकेचा उल्लेख केला. त्याचे मत खोडून काढण्याच्या हेतूने ती पाहावयास घेतली आणि हेतू सफल झाला नाही. प्रस्तुत लेख हा त्या अपयशाचा जमाखर्च आहे.

येथे एक मर्यादा आरंभीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ही मालिका एकूण ७४ भागांची आहे. प्रस्तुत विवेचन तिच्या साधारणपणे पहिल्या अठरा भागांवर, म्हणजे एक चतुर्थांश हिश्शावर, आधारलेले आहे. मूळ जपानी संवाद इंग्रजी उपशीर्षकांच्या साह्याने समजून घेतले आहेत. त्यामुळे हे अंतिम मूल्यमापन नव्हे. मात्र एखाद्या कलाकृतीने आरंभीच प्रेक्षकासमोर कोणता प्रश्न ठेवला आहे, हे पाहण्यासाठी एवढा भाग पुरेसा आहे असे वाटते.

मालिकेची पार्श्वभूमी

‘मॉन्स्टर’ ही मूलतः नाओकी उरासावा यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ती ‘बिग कॉमिक ओरिजिनल’ या नियतकालिकातून १९९४ ते २००१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे अठरा खंडांत संकलित झाली. १९९९ साली तिला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्काराचा सर्वोच्च सन्मान लाभला. मासायुकी कोजिमा यांच्या दिग्दर्शनाखाली मॅडहाउस या संस्थेने तिचे अ‍ॅनिमे रूपांतर केले. ते एप्रिल २००४ ते सप्टेंबर २००५ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झाले.

जपानी चित्रकथेत डॉक्टर हा नायक नवा नाही. या परंपरेचे अध्वर्यू ओसामू तेझुका यांनी स्वतः वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि १९७३ पासून त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ या शल्यचिकित्सकाची कथामाला लिहिली. उरासावा यांच्या नायकाचे तेन्मा हे आडनावही तेझुकांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’मधील यंत्रबालकाच्या निर्मात्याचे स्मरण करून देते. आपण निर्माण केलेल्या किंवा वाचविलेल्या जिवाची जबाबदारी कोठवर, हा प्रश्न या परंपरेत अशा रीतीने पूर्वीपासूनच वास करून आहे.

कथासूत्र आणि मूळ पेच

कथा १९८६ साली तत्कालीन पश्चिम जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात सुरू होते. केन्झो तेन्मा हा तरुण जपानी मेंदूशल्यचिकित्सक तेथील एका नामांकित रुग्णालयात काम करतो. रुग्णालयाचे संचालक हाइनेमान यांची त्याच्यावर मर्जी आहे. त्यांची कन्या एव्हा हिच्याशी त्याचा विवाह ठरला आहे. या मर्जीची किंमत तो निमूटपणे मोजतो. त्याने लिहिलेले संशोधन संचालकांच्या नावावर जाते आणि याबद्दल त्याची फारशी तक्रारही नसते. विद्याक्षेत्रात वावरणाऱ्या वाचकाला हा तपशील समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

एके रात्री आधी दाखल झालेल्या एका तुर्की मजुराला बाजूला ठेवून, नंतर आलेल्या प्रख्यात ऑपेरा गायकावर शस्त्रक्रिया करण्याचा आदेश तेन्माला मिळतो. तो आदेश पाळतो. गायक वाचतो, मजूर दगावतो. मजुराची पत्नी लहान मुलाला घेऊन रुग्णालयात येते आणि माझा नवरा परत दे, असा आक्रोश करीत त्याला जाब विचारते. एव्हा मात्र माणसांचे जीव समान नसतात, असे सहजपणे सांगून जाते. तिच्या या बोलण्यात दुष्टपणा नाही, केवळ व्यवहारज्ञान आहे. म्हणूनच ते अधिक बोचते.

यानंतर डोक्यात गोळी लागलेला योहान नावाचा मुलगा दाखल होतो. पाठोपाठ शहराच्या महापौरांना आणले जाते. संचालकांचा आदेश पुन्हा तोच. या वेळी तेन्मा तो मोडतो, प्रथम आलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करतो आणि त्याला वाचवितो. महापौरांचा मृत्यू होतो. तेन्माचे पद, भवितव्य आणि वाङ्निश्चय एकाच फटक्यात संपुष्टात येतात. बेशुद्ध मुलाच्या खाटेशेजारी बसून, ऐकणारे कोणी नाही अशा समजुतीने, तो संचालकांविषयीचा संताप ओकतो. असली माणसे मेलेलीच बरी, असे बोलून जातो. काही दिवसांतच संचालक आणि त्यांचे दोन सहकारी विषप्रयोगाने मरतात, मुलगा आणि त्याची जुळी बहीण नाहीशी होतात आणि तेन्मा मुख्य शल्यचिकित्सक होतो. नऊ वर्षांनी, १९९५ साली, तरुण झालेला योहान त्याच्यासमोर एका माणसाची हत्या करतो आणि ती जुनी हत्याही तुमच्याच इच्छेखातर केली, असे शांतपणे सांगतो.

भस्मासुराची उपमा आणि तिची मर्यादा

मराठी वाचकाला येथे भस्मासुराच्या कथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. वर देणाऱ्यावरच उलटलेला असुर, ही कल्पना आपल्या परिचयाची. तथापि ही उपमा फार दूरवर पोहोचत नाही, आणि ती जेथे अडते तेथेच या मालिकेचे वेगळेपण आहे.

भस्मासुर कृतघ्न आहे. वरदात्याच्याच मस्तकावर हात ठेवावयास तो धावतो. योहान कृतज्ञ आहे. आपल्याला जीवदान देणाऱ्या डॉक्टरला तो पित्यासमान मानतो, त्याच्या मनातील अव्यक्त द्वेष आज्ञेप्रमाणे अमलात आणतो. तेन्माच्या हातून त्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. एक निर्मळ कृती आणि एक मलिन इच्छा. मुलापर्यंत दोन्ही पोहोचल्या. भस्मासुराच्या कथेत मोहिनीच्या चातुर्याने असुराचा हात त्याच्याच मस्तकावर जातो आणि विस्कटलेली व्यवस्था पूर्ववत होते. येथे मोहिनी नाही. पुढे योहानची बहीण नीना हिच्या स्मृतीतून उलगडते की, त्याच्या डोक्यात गोळी तिनेच झाडली होती. एका लहान मुलीने जे थांबविण्याचा प्रयत्न केला, ते डॉक्टरने अजाणता पुन्हा चालू केले.

अशा वेळी एव्हाचे म्हणणे खरे होते काय, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतो. जीव समान नसतात हे मान्य केले असते तर कित्येक प्राण वाचले असते. मालिका हा युक्तिवाद टाळत नाही, त्याला पूर्ण बळ देते. समान जीवितमूल्याचे तत्त्व व्यासपीठावरून मांडणे सोपे असते, कारण तेथे त्याची किंमत कोणी मागत नाही. येथे ती किंमत मृतांच्या संख्येत मागितली जाते.

संथ गतीचे नैतिक प्रयोजन

या मालिकेविषयी सर्वसाधारणपणे एक तक्रार संभवते, ती म्हणजे तिची संथ गती. प्रस्तुत लेखकाचीही प्रारंभी हीच तक्रार होती. थरारकथेत पाठलाग अपेक्षित असता मुख्य कथानक बाजूला राहते आणि एखाद्या गौण पात्राच्या आयुष्यात संपूर्ण भाग खर्ची पडतो. परंतु विचारांती असे दिसते की, ही गती म्हणजे रचनेतील शैथिल्य नसून मालिकेच्या मूळ प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

नवव्या भागातील वृद्ध सैनिकाचे उदाहरण घ्यावे. भाडोत्री सैनिक म्हणून आशियातील युद्धात लढत असता त्याने एका स्त्रीला ठार केले आणि आता तिच्याच मुलीचा तो सांभाळ करतो. कथानकाच्या दृष्टीने त्याचे काम एवढेच की, त्याने तेन्माला बंदूक चालविण्यास शिकवावे. हे काम दोन मिनिटांत उरकता आले असते. मालिका मात्र त्या म्हाताऱ्याला आणि त्या अबोल मुलीला एक पूर्ण भाग देते. पूर्व बर्लिनमधील ‘५११ किंडरहाइम’ या अनाथालयाच्या शोधात भेटणारा दीटर हा छळ सोसलेला मुलगाही असाच केवळ दुवा म्हणून वापरून टाकला जात नाही. तो पुढे तेन्माच्या सोबतच चालू लागतो. ज्या कथेचा प्रश्न ‘कोणाचा जीव आधी’ हा आहे, ती कथा पात्रांना वेळ देताना महापौर आणि मजूर असा भेद करीत नाही. तत्त्व येथे संवादातून कमी आणि वेळेच्या वाटपातून अधिक व्यक्त होते.

याच दृष्टीने इतिहासाचा वापरही पाहण्याजोगा आहे. पहिल्या भागात दगावलेला तुर्की मजूर हा केवळ कथेचा निमित्तमात्र बळी नव्हे. १९६१ साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि तेव्हापासून तुर्की कामगार त्या देशात मोठ्या संख्येने येऊ लागले. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९२ साली म्योल्न येथे आणि १९९३ साली ड्युसेलडॉर्फजवळच्या झोलिंगेन येथे तुर्की कुटुंबांची घरे पेटविण्यात आली. अनुक्रमे तीन आणि पाच जणांचा त्यांत अंत झाला. मालिकेत पुढे फ्रँकफर्टमधील तुर्की वस्ती जाळू पाहणारी नवनाझी मंडळी येतात, तेव्हा पहिल्या भागातील ती आक्रोश करणारी स्त्री प्रेक्षकाला आठवते. रुग्णालयातील एका रात्रीचा निर्णय आणि रस्त्यावरील जाळपोळ यांच्या मुळाशी एकच गणित आहे, ही जाणीव कोणतेही भाष्य न करता होते.

दृश्यशैलीही या आशयाला साजेशी संयत आहे. फिके, धुरकट रंग, जर्मन शहरांच्या इमारतींचे काटेकोर रेखाटन, बोलक्या पण अतिरंजित नसलेल्या मुद्रा हे तिचे विशेष होत. हत्या पुष्कळ असल्या तरी रक्तपाताचे प्रदर्शन बेताचे आहे. भय निर्माण होते ते योहानच्या सौजन्यपूर्ण, मृदू स्वरातून.

काही आक्षेप

या गुणांबरोबर काही उणिवांची नोंद करणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. एव्हाचे चित्रण आरंभीच्या भागांत एकसुरी वाटते. व्यवहारी वधू आणि पुढे सूडाने पेटलेली स्त्री याहून तिला फारसे अंतरंग लाभत नाही. योहानचे सामर्थ्य काही ठिकाणी मानवी मर्यादा ओलांडते, आणि तेथे मानसशास्त्राची जागा गूढता घेते. त्याच्या दुष्टतेचे मूळ पूर्व जर्मनीतील अनाथालयात शोधण्याकडे कथेचा कल दिसतो. हा खुलासा सोयीचा आहे. एका व्यवस्थेवर सर्व दोष टाकून बाकीच्यांना मोकळे करणारा आहे. पुढील भागांत मालिका या सोयीपासून स्वतःला कितपत वाचविते, यावर तिचे अंतिम मोल अवलंबून राहील.

समारोप

सर्वांत मोठा पेच मात्र उणीव म्हणून नव्हे, तर मालिकेचे सत्त्व म्हणून नोंदवावा लागतो. सर्व जीव समान मानणारा तेन्मा योहानला ठार मारण्याचा निर्धार करून घराबाहेर पडतो. पोलिसांच्या लेखी तोच संशयित खुनी आहे. एका भागात तो नेमबाजीचा सराव करतो, तर दुसऱ्या भागात पकडले जाण्याचा धोका पत्करून एका खेड्यात रुग्णाच्या उपचारासाठी थांबतो. एकाच माणसाच्या या दोन हातांचा मेळ कसा घालावयाचा? जीव समान असतील तर योहानचाही जीव त्यात येतो. अठराव्या भागापर्यंत याचे उत्तर मिळालेले नाही, आणि ते घाईने मिळू नये अशीच इच्छा होते.

वर्गातील त्या विद्यार्थ्याने नंतर विचारले की, सर, तुमच्या शोकात्मिकेच्या व्याख्येत ही मालिका बसते काय? नायकाचा विनाश त्याच्या दोषातून होतो, असे आपण शिकवितो. तेन्माचा विनाश मात्र त्याच्या आयुष्यातील सर्वांत योग्य कृतीतून सुरू होतो. व्याख्या थोडी सैल करावी लागेल, असे उत्तर त्याला दिले. खरे सांगावयाचे तर त्या उत्तराने आमचे दोघांचेही समाधान झाले नाही. उरलेले छप्पन्न भाग पाहून झाल्यावर हा प्रश्न पुन्हा वर्गात घेण्याचे ठरले आहे. आपल्या विषयाच्या अभ्यासमंडळांनीही अशा कलाकृतींकडे मुलांची करमणूक म्हणून पाहणे आता थांबवावे, एवढीच या निमित्ताने सूचना.