इंग्रजीचा तास : पेडणे व डिचोली येथील शाळांच्या निमित्ताने

माध्यमिक शाळेतील इंग्रजीचे अध्यापन हा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आपल्या कक्षेबाहेरचा विषय मानावा, अशी एक रूढी आपल्याकडे पडून गेली आहे. इंग्रजीचे शिक्षक आपल्या वाटेने जातात, मराठीचे आपल्या. आणि शिक्षकांच्या खोलीत एकाच मेजाशी बसूनही एकमेकांच्या वह्या ते कधी उघडून पाहत नाहीत. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत ही रूढी विशेष महागात पडते, असे आमचे मत आहे. येथील अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, आणि पाचवीच्या पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे इंग्रजी माध्यमाचे पुस्तक येऊन पडते. ज्या वयात मुलाला आपल्या भाषेत नुकते चार वाक्यांचे वर्णन जुळवता येऊ लागते, त्याच वयात ती भाषा एका तासापुरती उरते. तेव्हा इंग्रजीच्या तासाला या मुलाकडून काय वाचवून घेतले जाते आणि काय लिहवून घेतले जाते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाचाही आहे.

या प्रदेशाचा इंग्रजीशी आलेला संबंध इतर महाराष्ट्राहून निराळा आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. डिचोली व पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर 1788 साली, पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादींत होते. पुणे-मुंबईकडे इंग्रजी ही राज्यकर्त्यांची भाषा म्हणून आली. येथे राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज, घरातली कोंकणी, पोथीपुराणाची आणि गावच्या शाळेची मराठी. इंग्रजी ही चौथी, आणि ती परगावी जाण्याची भाषा म्हणून आली. बार्देशात हडफडे येथे फादर लायन्स यांनी 1887 साली इंग्रजी शाळा काढली, तेव्हा तिच्यामागे मुंबईच्या मॅट्रिकची आणि त्यायोगे मिळणाऱ्या नोकरीची ओढ होती. 1961 च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. माध्यमिक शाळा मात्र पुष्कळशा इंग्रजी माध्यमाच्याच राहिल्या. 1990 साली प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांपुरते ठेवण्याचे धोरण आले, 2011 साली ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले, आणि त्यावरून जो वाद पेटला तो सर्वांच्या स्मरणात आहे. त्या वादात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. एवढेच नमूद करतो की, माध्यमावर इतके बोलले गेले, परंतु त्या माध्यमातून मुलाने वाचायचे काय व लिहायचे काय, यावर दोन्ही पक्षांकडून फारच थोडे ऐकू आले.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक पाठ घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2007 च्या सुमारास दहावीसाठी जे इंग्रजी वाचनपुस्तक काढले, त्यात लुसिओ रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या पावावाल्यावरील छोटा ललित निबंध आहे. रॉड्रिग्ज हे इंग्रजीचे प्राध्यापक आणि कोंकणी लोकसाहित्याचे अभ्यासक होते. जुन्या पोर्तुगीज दिवसांबद्दल उसासे टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांपासून निबंध सुरू होतो, आणि हां हां म्हणता लेखकाच्या बालपणात शिरतो. भल्या पहाटे पावावाल्याच्या खास बांबूचा खणखणाट होतो, पोरे अंथरुणातून उठून धावतात, दात घासायचेही त्यांना भान उरत नाही. लग्नासाठी बोल, सणासाठी बोलिन्या. महिन्याचा हिशेब भिंतीवर पेन्सिलीने मांडलेला. निबंध दोन-अडीच पृष्ठांचा, परंतु रचनेच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. पाव या एका वस्तूवर अख्खे बालपण टांगलेले आहे. आणि आरंभी थोरांच्या गतकाळाच्या ओढीकडे किंचित मिस्कीलपणे पाहणारा लेखक शेवटी नकळत तीच ओढ स्वतः व्यक्त करून जातो. शाळकरी मुलाला लेखन कसे घडते हे दाखवावयाचे, तर याहून सोयीचा नमुना सहसा मिळणार नाही.

असा पाठ परीक्षेच्या साच्यातून गेला की त्याचे काय होते? पावावाल्याचा पोशाख कोणता? कबाय. लग्नप्रसंगी कोणता पाव लागतो? बोल. रिकाम्या जागा भरल्या, जोड्या लावल्या, आणि पाठ संपला. निबंधातली माहिती तेवढी वर काढली आणि निबंध फेकून दिला. शहाळ्याची करवंटी जपून ठेवावी आणि पाणी ओतून द्यावे, त्यातला हा प्रकार. आवाज आधी का आला, हे कोणी विचारीत नाही. तुझ्या घराशी पहाटे कोणता आवाज येतो, हेही कोणी विचारीत नाही. वस्तुतः पेडण्यातल्या वा डिचोलीतल्या दहावीच्या मुलाला याचे उत्तर चटकन देता येईल. पोदेर त्याच्याही दारावरून जातो. मात्र त्याच्या हाती बांबू नसतो, सायकलीला रबरी भोंगा असतो. त्या बांबूपासून या भोंग्यापर्यंतचे अंतर हाच एका चांगल्या निबंधाचा विषय झाला असता.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही सन्मान्य वाचकांकडून पूर्वी ऐकलेला आहे. तो असा की, देशभरच्या मुलांपुढे येणारा हा गोवा म्हणजे जुन्या काबिजादींचा, पाव आणि नाताळ यांचा गोवा होय; त्यात शिरगावच्या लईराईची जत्रा नाही, नार्व्याचा सप्तकोटेश्वर नाही, पेडण्याचा दशावतार नाही. आक्षेप खरा आहे. 1955 साली निघालेल्या लँबर्ट मास्कारेन्हस यांच्या कादंबरीपासून गोमंतकीय इंग्रजी लेखनाचा मोठा भाग जुन्या काबिजादींच्या ख्रिस्ती समाजातून आला, आणि लेखक आपल्या अंगणाबद्दल लिहिणार हे उघडच आहे. परंतु याचा दोष रॉड्रिग्ज यांच्या माथी मारणे अनुचित होय. त्यांनी आपली पहाट लिहिली; आमच्या पहाटा लिहिणारे इंग्रजीच्या वर्गातून निघाले नाहीत, याचा विचार आपण केला पाहिजे. शिवाय, या निबंधात पेडण्याच्या मुलाला उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे, जी शिक्षकांच्या नजरेतून सुटते. पोदेर, बोल, कबाय हे शब्द रॉड्रिग्ज यांनी इंग्रजी वाक्यांत जसेच्या तसे ठेवले. त्यांना इंग्रजी प्रतिशब्द सापडला नसता असे नव्हे. त्या वस्तूंची नावे तीच होती, म्हणून. राजा राव यांनी 1938 साली ‘कांथापुरा’त याच्याही पुढे जाऊन गावच्या म्हातारीच्या बोलण्याची लय इंग्रजीत आणली होती.

आता याच्या उलट आमच्या मुलांच्या वह्या पाहाव्यात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय बहुतेक वर्षी येतोच. साखळीला वाळवंटी नदी बाजारात शिरलेली ज्यांनी ऐकली-पाहिली, केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट पावसाच्या झोडीत ज्यांनी पाहिली, ती मुले या विषयावर काय लिहितात? मार्गदर्शिकेतला तोच काळा ढग, तोच मोर, तीच कागदाची होडी, आणि आईने दिलेला गरम चहा. मिरग नाही, खाजनाचा फुटलेला बांध नाही. शब्द इंग्रजीत ठाऊक नाही म्हणून वस्तूच निबंधातून गळते. डिचोलीच्या मुलाने खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ अंगावर घेतली, शेतात उतरलेला खाणीचा गाळ पाहिला, 2012 साली खाणी थांबल्यावर गावातले ट्रक दारात उभे राहिलेले त्याच्या वडीलभावाने पाहिले. पण प्रदूषणावरील निबंधात तो दिल्लीच्या धुराविषयी लिहितो, कारण मार्गदर्शिका तिकडची आहे. हे खोटे लेखन होय, आणि त्याला उत्तम गुण मिळतात! भाषेच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त होतात. खोटेपणा दुरुस्त करण्याची शाई मात्र कोणाकडे नसते.

या दोषाचे खापर इंग्रजीच्या शिक्षकांवर फोडून आपण मोकळे होऊ पाहू, तर ते प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. मराठीच्या तासाला तरी निराळे काय चालते? ‘नदीचे आत्मवृत्त’ आणि ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ हे निबंधही पाठच केले जातात. फक्त तेथे पाठांतर अस्खलित असते, म्हणून ते खुपत नाही. परिणामी हा मुलगा कोणत्याच भाषेत स्वतःचे असे एक पान लिहीत नाही. आमच्या काळजीचे खरे कारण हे आहे. माध्यम कोणतेही असो, पंधराव्या वर्षापर्यंत ज्याने आपण पाहिलेली एक गोष्ट आपल्या शब्दांत मांडली नाही, त्याच्याकडून पुढे मराठी वाङ्मयाने तरी कशाची अपेक्षा करावी?

आणि इंग्रजीचा वर्ग हा मराठीचा शत्रू होय, हे मानणे इतिहासाला धरून नाही. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी इंग्रजी शिकवली ती मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून. त्यायोगे विद्यार्थ्याला दोन्ही वाक्यांची ठेवण कळे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ 1883 सालचे, देवलांचा ‘झुंझारराव’ 1890 चा. दोन्हींचे मूळ शेक्सपिअर. केशवसुतांनी 1892 साली सुनीत मराठीत आणले ते इंग्रजी कविता वाचून. इंग्रजी शाळेत पेरलेले पीक मराठीच्या खळ्यात आले, आणि त्याची कोणाला लाज वाटली नाही. उलट दिशेचे उदाहरण तर खुद्द गोव्याचे आहे. 1579 साली येथे आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने आपले महाकाव्य, ‘ख्रिस्तपुराण’, इंग्रजीत लिहिले नाही. 1616 साली राशोल येथे छापले गेले ते मराठी ओवीत. या भूमीत काव्य रचणारा पहिला इंग्रज मराठी कवी झाला, ही गोष्ट इंग्रजीच्या वर्गात सांगितली जाते की नाही, आम्हांस शंका आहे.

आज तो दुहेरी रस्ता बंद पडला आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, या मतामुळे भाषांतर वर्गातून उठले. प्रत्यक्षात शिक्षक कवितेचा अर्थ कोंकणीत किंवा मराठीत सांगतातच. न सांगून करतील काय? परंतु ते चोरून, दार लोटून घेतल्यासारखे सांगतात. त्यामुळे अर्थ कळतो, पण एका भाषेतून दुसरीत जाताना काय सांडले आणि काय नव्याने हाती आले, याचा विचार होत नाही. हीच गोष्ट उघडपणे केली, एका इंग्रजी कडव्याची मुलांकडून तीन-चार मराठी-कोंकणी भाषांतरे करवून ती फळ्यावर शेजारीशेजारी मांडली, तर वाङ्मयाचा तो तास खऱ्या अर्थाने वाङ्मयाचा होईल. पाठ्यक्रम बदलण्याची त्यासाठी वाट पाहावी लागत नाही.

पालकांना इंग्रजी हवी आहे ती नोकरीसाठी, हे आम्ही जाणतो, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. मोपा येथील विमानतळावरून 2023 पासून विमाने उडू लागली. पेडण्यातल्या मुलाला तेथे अडखळत इंग्रजी बोलून भागणार नाही. परंतु पाठ केलेला निबंध तेथेही उपयोगी पडत नाही. अनपेक्षित प्रश्नाला जागच्या जागी वाक्य जुळवून उत्तर द्यावे लागते, आणि नेमके तेच आपण शिकवीत नाही.

गंमत अशी की, हे कौशल्य या भागात उदंड आहे. पेडण्यातल्या जत्रेत दशावतारी कंपनी रात्रभर नाटक करते, आणि त्या नाटकाची लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले, पात्रे ठरलेली. संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्याउभ्या रचतात. शेजारच्या नटाने टाकलेला शब्द उचलून त्याला वळण देतात, प्रेक्षकांची झोप उडवतात, राजाच्या तोंडी संस्कृतप्रचुर मराठी घालतात आणि संकासुराच्या तोंडी गावची बोली. भाषेची पातळी, प्रसंगौचित्य, युक्तिवादाचा क्रम, ज्या गोष्टी रचनेच्या पुस्तकात कोरड्या व्याख्यांनी शिकवल्या जातात, त्या सगळ्या तेथे डोळ्यांसमोर घडतात. मूल हे पहाटेपर्यंत जागून पाहते, आणि सकाळी पेंगुळल्या डोळ्यांनी वर्गात बसून वाचनाची आवड या विषयावरचा दहा ओळींचा इंग्रजी परिच्छेद घोकते.

एखाद्या शिक्षकाने त्या सकाळी पुस्तक मिटून, काल रात्री संकासुर काय बोलला ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून आणावयास सांगावे. संकासुर हा शब्द तसाच राहू द्यावा. चुका पुष्कळ होतील. त्या वह्या मग मराठीच्या शिक्षकानेही मागून घेऊन वाचाव्यात.