‘पृथ्वी’ म्हणजे पृथ्वीराज? नाव आणि नावाचा पुरावा

संशोधनाची तयारी करताना हे विधान कधी ना कधी तुमच्या वाचनात येईल: भारताने ‘पृथ्वी’ क्षेपणास्त्राला पृथ्वीराज चौहानचं नाव दिलं, म्हणून पाकिस्तानने आपल्या क्षेपणास्त्राला ‘घोरी’ म्हटलं. तराईनच्या 1191 आणि 1192 च्या लढाया, दोन राजे, दोन क्षेपणास्त्रं. छान जुळतं. माझा आक्षेप या जुळण्यालाच आहे.

नाव एकटं वाचू नका, त्याची भावंडं बघा. 1983 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमातली पाच नावं अशी: पृथ्वी, अग्नी, आकाश, त्रिशूल, नाग. यांत राजा एकही नाही. पहिली तीन तर महाभूतं आहेत. (लगेच ‘पंचमहाभूतांवरून नावं ठेवली’ असंही लिहू नका, मग त्रिशूल आणि नाग कुठे बसवणार?) पृथ्वीची पहिली चाचणी 25 फेब्रुवारी 1988 ची, घोरीची 6 एप्रिल 1998 ची. म्हणजे घोरी हे पृथ्वीला दिलेलं उत्तर असू शकतं, अगदी ‘पृथ्वी’चा अर्थ चुकीचा लावून दिलेलं असलं तरी. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं आणि ऐकणाऱ्याने काय ऐकलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बरेच लेख ते एकाच वाक्यात कोंबतात.

आमच्या डहाणू तालुक्यातलं चिखले घ्या. नाव ऐकलं की चिखल आठवतो. पण आठवला म्हणून तो पुरावा होत नाही. जुनी कागदपत्रं, गावातला उच्चार, आसपासच्या गावांची नावं, सगळं तपासावं लागतं.

आता ‘अब्दाली’. पाकिस्तानचं हे कमी पल्ल्याचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र, नाव अहमदशाह अब्दालीवरून. मराठी कानाला त्यात 14 जानेवारी 1761 चं पानिपतच ऐकू येणार. गझनवी, घोरी, अब्दाली अशी रांग पाहिली, तर नावं ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हिंदुस्थानावरच्या स्वाऱ्या होत्या असं म्हणायला आधारही आहे. पण हाच अब्दाली 1747 मध्ये कंदाहारला गादीवर बसला आणि अफगाण लोक त्याला आपल्या राज्याचा संस्थापक मानतात. 2006 मध्ये अफगाण सरकारकडूनच आक्षेप आला होता की पाकिस्तानने आमच्या राजांची नावं क्षेपणास्त्रांना देऊ नयेत. ‘अब्दाली म्हणजे पानिपत’ एवढ्यावर थांबणारे लेख ही बाजू सरळ गाळतात.